मैत्रीतल्या सवलतीची मुदत



दोन मित्रदेशांच्या संबंधांवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोन ठरलेले सूर लागतात. एक समारंभाचा असतो, त्यात रक्ताची नाती, समान सण आणि सामायिक वारसा येतो. दुसरा संशयाचा असतो, त्यात ‘आपल्या पदरात काय पडले’ हा प्रश्न येतो. पहिला परराष्ट्र खात्याच्या निवेदनात ऐकू येतो, दुसरा प्राप्तिकर विभागाच्या नोटिशीत. दोन्ही खाती एकाच सरकारची असली तरी या सुरांची गाठ सहसा पडत नाही. भारत आणि मॉरिशस यांच्या बाबतीत हे दोन्ही सूर चाळीस वर्षे एकाच वेळी लागत आले, म्हणून आज मी हाच एक संबंध निवडला आहे. माझे म्हणणे असे की मित्रदेशाला सवलत जरूर द्यावी, पण ती किती, कशासाठी आणि कुठवर हे देतानाच लिहून ठेवावे. ते लिहिले नाही तर लोणी तिसराच खातो आणि बदनामी मात्र मैत्रीच्या वाट्याला येते.

आधी नात्याविषयी, कारण ते खरे आहे आणि त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपुष्टात येत असताना, १८३४ पासून, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तिकडे गेली. पोर्ट लुई बंदरातील ज्या धक्क्यावर त्यांना उतरवले जाई तो अप्रवासी घाट आज जागतिक वारसा यादीत आहे. त्यांतले बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेलेले, पण मुंबईहून गलबतावर चढलेले कोकणातले लोकही होते आणि त्यांच्या वंशजांनी मराठी टिकवली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही मराठीचे अध्यापन होते. भारताने या बेटाशी राजनैतिक संबंध १९४८ साली जोडले, म्हणजे १२ मार्च १९६८ रोजी ते स्वतंत्र होण्याच्या वीस वर्षे आधी. दोन देशांमध्ये विश्वास का आहे याचे उत्तर या इतिहासात मिळते. मात्र साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीचे हे बेट एके काळी भारतातील परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा उगम कसे ठरले, याचे उत्तर त्यात नाही. ते एका कराराच्या एका उपकलमात आहे.

दुहेरी करआकारणी टाळण्याचा हा करार २४ ऑगस्ट १९८२ रोजी झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमातील तरतूद वरकरणी निरुपद्रवी होती. मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळवला, तर त्यावर कर आकारण्याचा हक्क फक्त मॉरिशसचा. एकाच नफ्यावर दोन देशांनी कर घेऊ नये हे तत्त्व योग्यच आहे. पण मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर करच नव्हता. म्हणजे दुहेरी कर टाळण्यासाठी केलेल्या करारातून एकेरी करही टळला. तरीही १९८२ च्या वाटाघाटी करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तेव्हा परदेशी संस्थांना आपल्या शेअर बाजारात मुक्त प्रवेश नव्हता, त्यामुळे ज्या नफ्यावरचा हक्क आपण सोडला तो नफा त्या वेळी जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. हातचे काही जात नाही अशा स्थितीत मित्राला दिलेली ती सदिच्छा होती. चूक झाली ती मजकुरात. किती रकमेपर्यंत, कोणत्या प्रकारच्या रहिवाशाला, किती वर्षांसाठी, यांपैकी काहीच त्यात नव्हते. फुकट वाटणाऱ्या गोष्टीची मुदत घालायची कोणाला सुचत नाही.

मग १९९२ साल आले. त्या वर्षी भारताने परकीय संस्थात्मक गुंतवणूकदारांना शेअर बाजार खुला केला आणि त्याच वर्षी मॉरिशसने परदेशी कंपन्यांसाठी ऑफशोअर व्यवसायाचा कायदा केला. दहा वर्षे निजलेले उपकलम जागे झाले. बॉस्टन किंवा लंडनच्या निधीने पोर्ट लुईत कंपनी नोंदवायची, तिथला कर-रहिवास दाखला मिळवायचा आणि त्या कंपनीच्या नावाने मुंबईच्या बाजारात खरेदी-विक्री करायची. पोर्ट लुईत पैसा थांबत नसे, राहत असे तो फक्त पत्ता. एप्रिल २००० ते मार्च २०१६ या काळात भारतात भागभांडवलाच्या रूपाने जी थेट परकीय गुंतवणूक आली, तिचा सुमारे एक तृतीयांश भाग मॉरिशसच्या नावावर आहे. इतक्या लहान अर्थव्यवस्थेत एवढे भांडवल निर्माण होऊच शकत नाही, ते दुसरीकडून तिथे वळवलेले असते, हे भारताच्या अर्थमंत्रालयाने मे २०१२ च्या काळ्या पैशावरील श्वेतपत्रिकेत स्वतःच मान्य केले. त्यात परदेशी निधी होते, तसा आपल्याच लोकांनी बाहेर नेऊन परत आणलेला पैसाही होता. २००१ च्या शेअर घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीनेही या वाटेकडे बोट दाखवले. म्हणजे सवलत दिली मॉरिशसच्या माणसाला आणि वाहत्या गंगेत हात धुतले ते ज्यांनी ते बेट पाहिलेही नाही अशांनी. मॉरिशसला काय मिळाले? परवाना शुल्क, हिशेबनीस आणि वकिलांच्या पेढ्या, काही हजार चांगल्या नोकऱ्या. तिथल्या तरुणांसाठी ते मोलाचे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण भारताने सोडलेल्या कराच्या तुलनेत मित्राच्या हाती पोचलेला वाटा किरकोळ होता.

आपल्याकडे हे कोणाच्या लक्षात आले नाही असे नाही, आणि मला तर हाच भाग सर्वांत बोधक वाटतो. २००० सालाच्या सुरुवातीला मुंबईतील प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी काही परदेशी निधींच्या मॉरिशसमधील कंपन्यांना कर लावण्याचा प्रयत्न केला. बाजार गडगडला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १३ एप्रिल २००० रोजी ७८९ क्रमांकाचे परिपत्रक काढले की मॉरिशस सरकारचा रहिवास दाखला हा पुरेसा पुरावा मानावा. म्हणजे कागदी कंपनीच्या दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला सांगण्यात आले, पाटी वाच आणि परत ये. हे परिपत्रक दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द केले, आणि ‘आझादी बचाओ आंदोलन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. तो निकाल न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी लिहिला, ज्यांचे नाव महाराष्ट्राला मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे परिचित आहे. त्या निकालाचा गाभा असा की करार दोन सार्वभौम सरकारांनी केला आहे, विकसनशील देशाला भांडवल हवे असेल तर तो असा लाभ डोळसपणे सोसू शकतो, आणि करारात जी मर्यादा नाही ती न्यायालय घालणार नाही. अनेकांना हा निकाल खटकला. मला तो कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो, कारण त्याने जबाबदारी जिथली तिथे ठेवली. मर्यादा घालायची तर करारात घाला, नोटिशीत नको. दुर्दैव हे की मर्यादा घालण्यासाठी दोन्ही सरकारांचा संयुक्त कार्यगट २००६ मध्ये बसला आणि दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. करारातच फेरविचाराची तारीख असती तर ही दहा वर्षे एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यात गेली नसती.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नव्वदच्या दशकात परकीय चलनाच्या संकटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या भारतावर कोण विश्वास ठेवणार होते? मॉरिशसची वाट नसती तर भांडवल आलेच नसते आणि न आलेल्या भांडवलावरचा कर शून्यच राहिला असता, असे हे म्हणणे. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. गुंतवणूकदाराला तेव्हा करमाफीइतकीच, किंबहुना जास्त, निश्चितता हवी होती. आपल्या कर अधिकाऱ्यांच्या लहरीपेक्षा आंतरराष्ट्रीय करार त्याला भरवशाचा वाटला. पण हीच गोष्ट भारताला उघडपणे, आपल्याच कायद्याने, सर्वांना देता येत होती आणि भारताने ती दिलीही. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत बाजारात नोंदलेल्या शेअरांवरील दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, व्यवहार कर भरला असेल तर, देशी-परदेशी सर्वांना करमुक्त होता. त्या सवलतीवर अर्थसंकल्पात चर्चा होई, आणि नको वाटली तेव्हा संसदेने ती काढून घेतली. मॉरिशसच्या सवलतीचा वार्षिक हिशेब कधीच मांडला गेला नाही. शिवाय एका मित्राला दिलेले पाहून दुसऱ्याने मागितले. सिंगापूरला २००५ मध्ये तीच सवलत देताना आपण लिहून दिले की मॉरिशसची टिकेल तोवर तुमचीही टिकेल. काट्याचा नायटा होतो तो असा.

आता दुरुस्तीकडे येऊ. १० मे २०१६ रोजी पोर्ट लुईत नवा प्रोटोकॉल झाला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर भारत कर आकारणार. त्याआधी घेतलेल्यांना जुनाच नियम. एप्रिल २०१७ नंतर घेतलेले शेअर मार्च २०१९ पर्यंत विकले तर दर निम्मा, पण तो लाभही आधीच्या वर्षभरात मॉरिशसमध्ये किमान २७ लाख रुपये खर्च केलेल्या कंपनीलाच. कर्जरोखे आणि डेरिव्हेटिव्ह या बदलातून वगळलेले. सवलत किती, कोणाला आणि कुठवर, हे करारात पहिल्यांदा या दिवशी उतरले, म्हणजे सवलत काढून घेताना. भांडवल पळून जाईल अशी भीती होती, पण वार्षिक आकड्यांत मॉरिशसची जागा सिंगापूरने घेतली, आणि सिंगापूरचीही सवलत तोवर गेलेलीच होती. त्याच २०१६ साली भारताने मॉरिशसला ३५ कोटी ३० लाख डॉलरचे विशेष आर्थिक साहाय्य दिले. त्यातून मेट्रो एक्स्प्रेस उभी राहिली, कान-नाक-घशाचे रुग्णालय झाले, सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत झाली, घरे बांधली गेली, शाळकरी मुलांना टॅब्लेट मिळाले. दोन्ही गोष्टींचा संबंध कोणी अधिकृतपणे जोडलेला नाही, पण वर्ष एकच आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांची तुलना करायला हरकत नसावी. एका बाजूला मोजमाप नसलेली करमाफी, तिचा मोठा वाटा बाहेरच्यांच्या खिशात. दुसऱ्या बाजूला मोजलेली रक्कम, आणि त्या रकमेच्या मेट्रोत रोज बसणारा पोर्ट लुईचा कारकून.

यावर म्हटले जाईल की मोठ्या देशाने लहान देशाचा हात पिरगाळून त्याचे पोट मारले आणि त्याला तुम्ही हिशेब म्हणता. मॉरिशसच्या राष्ट्रीय उत्पन्नात वित्तीय सेवांचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक आहे, तेव्हा या भीतीला आधार होता. पण मॉरिशसचा स्वतःचा इतिहास पाहा. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे नोबेल मिळाले, या बेटाच्या भवितव्याविषयी अत्यंत निराशाजनक अहवाल दिला होता. तो खोटा ठरण्यामागे तिथल्या लोकांची हुशारी होतीच, त्याचबरोबर युरोपशी झालेला साखरेचा प्रोटोकॉल होता. १९७५ पासून मॉरिशसची वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर युरोप ठरलेल्या भावाने घेई, आणि तो भाव जागतिक बाजारापेक्षा बहुधा कितीतरी वर असे. या सवलतीत टनांचा आकडा होता, भाव होता, आणि लाभ कोणाला मिळतो याविषयी शंका नव्हती, कारण ऊस त्याच बेटावर पिकत होता. साखरेतून उरलेला पैसा कापड उद्योगात गेला आणि १९७० च्या निर्यातक्षेत्र कायद्याला जीव आला. युरोपने २००७ मध्ये प्रोटोकॉलमधून बाहेर पडण्याची सूचना दिली, २००९ मध्ये तो संपला आणि त्या सुमारास भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी कापला. मॉरिशसला झळ लागली. छोटे कारखाने मोठ्यांत विलीन झाले, विशेष प्रकारच्या साखरेवर आणि चिपाडाच्या विजेवर भर आला. पण देश कोसळला नाही, कारण सूचना मिळाल्यावर काय जाणार आणि कधी जाणार हे त्याला माहीत होते. युरोपची सवलत मात्र ‘अनिश्चित काळासाठी’ होती आणि तेवढ्यापुरता तिच्यातही तोच दोष होता जो आपल्या करारात होता. मोजमाप होते म्हणून मॉरिशसने तिच्यावर उद्योग उभारले, मुदत नव्हती म्हणून शेवट कडू झाला. हात पिरगाळण्याची वेळ येते ती मुदत आधी ठरलेली नसते तेव्हाच.

तिसरा आक्षेप बंद दाराआड जास्त ऐकू येतो. करमाफी ही हिंदी महासागरातील जागेची किंमत होती, नौदलाचे हित पाहता ती स्वस्तच पडली, आणि अशा गोष्टी कागदावर लिहायच्या नसतात. तारखा या म्हणण्याला साथ देत नाहीत. भारताने ‘अमर’ ही नौका मॉरिशसला दिली १९७४ मध्ये, म्हणजे कर कराराच्या आठ वर्षे आधी. कोलकात्यात बांधलेली गस्तीनौका ‘बॅराकुडा’ मॉरिशसच्या तटरक्षक दलात दाखल झाली १२ मार्च २०१५ रोजी. मॉरिशसच्या आगालेगा बेटांवरील सुविधांचा सामंजस्य करारही त्याच महिन्यात झाला आणि तिथली धावपट्टी व धक्का २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. संरक्षणाचे नाते करमाफीच्या आधीपासूनचे आहे आणि करमाफी गेल्यावर ते आणखी घट्ट झाले. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत सवलतीमुळे काही दारे सहज उघडली असतील, नाही असे मी म्हणत नाही. पण संसदेपुढे कधीच न आलेली किंमत योग्य होती की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार? हीच मोजपट्टी मी उलट बाजूनेही लावतो. आगालेगाच्या कराराचा मजकूर लोकांसमोर ठेवा, अशी मागणी मॉरिशसमध्ये वारंवार झाली आहे. ही मागणी भारतविरोधी आहे असे मानण्याची घाई आपण करू नये. आपल्याला करमाफीची किंमत जाणून घ्यायची होती, तशी त्यांना त्यांच्या बेटांची जाणून घ्यायची आहे. ताकास तूर लागू न देण्याचे धोरण मित्राच्या राजधानीत सरकार बदलेपर्यंतच चालते.

मुदत एकदा लिहिली म्हणून काम संपत नाही, हेही अलीकडेच दिसले. ७ मार्च २०२४ रोजी दोन्ही देशांनी करारातील आणखी एका दुरुस्तीवर सह्या केल्या. व्यवहाराचा एक मुख्य हेतू करसवलत मिळवणे हाच असेल तर सवलत नाकारता येईल, अशी ती कसोटी. आंतरराष्ट्रीय पद्धतीला ती धरूनच आहे. पण २०१७ पूर्वीच्या गुंतवणुकीला दिलेले अभय तिच्यामुळे मागच्या दाराने काढून घेतले जाणार का, याचे उत्तर त्या मजकुरात नव्हते. बाजारात पुन्हा तीच चलबिचल झाली. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये कर मंडळाने परिपत्रकाने स्पष्ट केले की ही कसोटी पुढील काळासाठी आहे आणि जुने अभय कायम आहे. आधी २००० आणि मग २०२५, करारात राहिलेली फट दर वेळी परिपत्रकाने बुजवली जाते. परिपत्रक काढणारा ते मागेही घेऊ शकतो, एवढे या सभेला सांगण्याची गरज नाही.

म्हणून मला १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या भारत-मॉरिशस आर्थिक सहकार्य आणि भागीदारी कराराकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. आफ्रिकेतील देशाशी भारताने केलेला हा अशा प्रकारचा पहिला करार. दोन देशांमधला मालाचा व्यापार वर्षाला एक अब्ज डॉलरच्याही आत आहे, त्यातही आपली निर्यातच कितीतरी जास्त, आणि तिच्यात पेट्रोलियम पदार्थांचा वाटा मोठा. त्यामुळे वर्तमानपत्रांनी या कराराला आतल्या पानावर टाकले, हे समजण्यासारखे आहे. पण त्याची रचना १९८२ च्या नेमकी उलट आहे. भारताच्या ३१० आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंची यादी आहे. विशेष साखर आणि तयार कपडे अशा नाजूक वस्तूंना कोटा आहे. माल खरोखर मॉरिशसचाच आहे हे ठरवण्याचे नियम आहेत, आणि आयात एकाएकी वाढली तर ती रोखण्याची यंत्रणा दोन वर्षांत ठरवण्याचे कलम आहे. या अधिवेशनातील उद्याचे सत्र याच करारावर आहे. त्यातील निबंधकारांना माझी एक सूचना आहे. एकूण व्यापार किती वाढला या आकड्यावर थांबू नका. मॉरिशसच्या कोट्यातून आलेल्या साखरेतला ऊस कुठल्या शेतातला, कपड्यातले सूत कुठले आणि शिलाई कुणाच्या हातची, हे सीमाशुल्काच्या नोंदींतून शोधा. २०१६ पर्यंत पोर्ट लुईच्या दाखल्यामागे कोण उभे आहे हे विचारायची आपल्याला सोय नव्हती. आता मूळदेशाच्या प्रमाणपत्राबाबत ती आहे, आणि ती वापरली जाते आहे की नाही हे मला तुमच्या निबंधांतून वाचायचे आहे.